दवाखान्यातला कॉम्प्युटर नेमका कुणासाठी? इलेक्ट्रॉनिक नोंदी, सोलापूर आणि आपण

बाळीवेस

सोलापुरातल्या मोठ्या रुग्णालयांत आणि आता बऱ्याच छोट्या दवाखान्यांतही कॉम्प्युटर आला आहे. केसपेपर छापून मिळतो, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो, डिस्चार्ज कार्ड टाईप केलेलं असतं. तरी सात रस्त्यापासून होटगी रोडपर्यंत कुठल्याही ओपीडीबाहेर बघा, पेशंटसोबत आलेल्या माणसाच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी असतेच. त्यात एक्स-रे, ईसीजीच्या पुसट झालेल्या पट्ट्या, घडी घालून फाटलेल्या चिठ्ठ्या. इतके कॉम्प्युटर येऊनही ही पिशवी का सुटत नाही, यावर इथल्या डॉक्टर, सिस्टर, सॉफ्टवेअरवाले आणि पेशंटच्या घरच्यांनी मोकळेपणाने लिहावं म्हणून हा धागा काढते आहे.

माझ्या वडिलांचं सांगते. मधुमेह जुना. साखरेसाठी एक डॉक्टर, हृदयासाठी दुसरे, गुडघ्यांसाठी तिसरे. तिघांकडे कॉम्प्युटर आहे आणि एकाचं दुसऱ्याला काही कळत नाही. क्रिएटिनिनचे (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) रिपोर्ट तीन वेगळ्या लॅबचे होते: 1.2, मग 1.5, मग 1.9. एकेक रिपोर्ट सुटा पाहिला तर ‘थोडं वाढलंय, पाणी भरपूर प्या’ एवढंच. एका ओळीत मांडले की किडनी कुठे निघाली आहे ते कुणालाही दिसावं. त्यात गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या चालू, आणि त्याच किडनीला मारक. मी आकडे तारखांसकट एका कागदावर लिहून साखरेच्या डॉक्टरांपुढे ठेवले तेव्हा त्यांनी त्या गोळ्या तिथल्या तिथे बंद केल्या आणि मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीचा डोस उतरवला. यातली एकही माहिती नवी नव्हती. सगळी टाईप केलेली होती, तीन ठिकाणी नीट जपून ठेवलेली होती.

आता ‘आभा’बद्दल. आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं 27 सप्टेंबर 2021 ला. त्यात प्रत्येकाला 14 आकडी आभा क्रमांक काढता येतो. पुष्कळांना वाटतं की आपले सगळे रिपोर्ट दिल्लीच्या एखाद्या कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसतात. तसं नाही. नोंद ज्या रुग्णालयात किंवा लॅबमध्ये झाली तिथेच राहते. आभा फक्त त्या सगळ्यांना जोडणारा धागा आहे. दुसऱ्या डॉक्टरला त्या बघायच्या तर तुमची संमती लागते; कुठल्या नोंदी आणि किती काळासाठी हे तुम्ही ठरवता, दिलेली संमती मागेही घेता येते. आखणी म्हणून मला हे फार आवडलं. पण ही आखणी चालायची तर प्रत्येक लॅबने आणि दवाखान्याने आपल्या नोंदी त्या क्रमांकाला जोडायला हव्यात. आज माझा अनुभव असा की आभा क्रमांक विचारतात, केसपेपर काढताना टाकूनही घेतात, आणि आत डॉक्टरांच्या टेबलावर मागचं काहीच दिसत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्याकडची बहुतेक सॉफ्टवेअरं बिलाच्या खिडकीवर जन्मली आहेत. बेडचं भाडं, सलाईनच्या बाटल्या, विम्याची फाईल, हे सगळं त्यात चोख. पेशंटची गोष्ट मात्र त्यात बसत नाही. नोंदीने पेशंटसोबत एका दारातून दुसऱ्या दारात जायला हवं. ते होत नसेल तर कागद गेला आणि काच आली, एवढाच फरक. तुमचे अनुभव लिहा.

भीमाकाठ

मी फिजिशियन आहे. बाळीवेसताई, क्रिएटिनिनचं उदाहरण अगदी नेमकं आहे. माझ्याकडे मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून जसे पेशंट येतात तसे कर्नाटकातल्या इंडी-अफजलपूरकडूनही येतात. सीमेपलीकडचा कागद, तिकडची वेगळी योजना, डिस्चार्ज कार्डावर शिक्का आहे पण औषधांची नावं वाचता येत नाहीत. अशा वेळी समोर नीट टाईप केलेली मागची नोंद असती तर काय झालं असतं, हे मी रोज मनात म्हणतो. कुणाला कधी पेनिसिलिनची रिॲक्शन आली होती का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, मागच्या वर्षी टीबीचा कोर्स अर्धवट सोडला होता का. हे तीन प्रश्न जीव वाचवतात आणि तिन्हींची उत्तरं पेशंटच्या आठवणीवर अवलंबून असतात.

म्हणून मी या नोंदींच्या बाजूचा आहे. पण दुसरी बाजूही सांगायलाच हवी. 2016 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधक डॉक्टरांच्या शेजारी घड्याळ घेऊन उभे राहिले आणि त्यांचा दिवस मोजला. पेशंटसमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास कॉम्प्युटरवर आणि टेबलावरच्या कामात जात होते. तिथे एका पेशंटला जेवढा वेळ मिळतो तेवढा आपल्या ओपीडीत मिळत नाही. मी स्क्रीनकडे बघून टाईप करत बसलो तर समोरच्या आजी जे सांगता सांगता थांबल्या ते माझ्या नजरेतून सुटेल. आणि निदान पुष्कळदा त्या थांबण्यातच असतं.

दुसरा धोका कॉपी-पेस्टचा. कालची नोंद उचलून आज चिकटवायची सोय असते. त्यामुळे न्यूमोनिया झालेल्या पेशंटच्या नोंदीत तिसऱ्या दिवशीही ‘छाती स्वच्छ’ असं लिहिलेलं सापडतं. हाताने लिहिताना माणूस निदान दोन शब्द तरी विचार करून लिहितो.

तिसरा धोका सूचनांचा. ही गोळी त्या गोळीबरोबर देऊ नका, अशी सूचना सॉफ्टवेअर देतं, हे चांगलंच. पण ते प्रत्येक चिठ्ठीला चार सूचना देतं आणि त्यातल्या बऱ्याच बिनकामाच्या असतात. मग हात आपोआप ‘ओके’वर जातो. ज्या दिवशी खरी सूचना येते त्या दिवशीही तो तिथेच जातो.

कंबरतलाव

स्टाफ नर्स आहे, वॉर्डचं बोलते. डॉक्टरसाहेबांनी ओपीडीचं सांगितलं, पण नोंदींचा खरा भार वॉर्डात असतो. आम्ही सगळं दोनदा लिहितो. ताप, नाडी, श्वासाचा टीपीआर चार्ट कागदावर, तोच पुन्हा कॉम्प्युटरमध्ये. औषधाचा चार्ट कागदावर, तोच पुन्हा आत. कागद बंद करायची हिंमत कुणी करत नाही, कारण सिस्टिम बंद पडली की पुढचं औषध कुणाला, किती वाजता द्यायचं हे सांगायला कागदच असतो.

वॉर्डात कॉम्प्युटर एक आणि काम करणाऱ्या तिघी-चौघी. लॉगिन एकीचं उघडलेलं असतं आणि नोंद दुसरी करते. इंजेक्शन दिलं दहाला, नोंदीला सवड मिळाली एकला. कॉम्प्युटर वेळ धरतो एकची. सकाळी राऊंडला डॉक्टर म्हणतात, अँटिबायोटिक तीन तास उशिरा का दिलं? मुली रडकुंडीला येतात. यंत्राने लिहिलेली वेळ खरी आणि सिस्टर सांगते ती खोटी, असं धरलं जातं याचं फार वाईट वाटतं.

तरी एक चांगलं सांगते. लॅबचा रिपोर्ट थेट स्क्रीनवर येतो तिथे आमची धावपळ वाचते. पोटॅशियम वाढलेलं असलं की लगेच दिसतं. पूर्वी वॉर्डबॉय मामा रिपोर्ट घेऊन येईपर्यंत वाट बघावी लागायची. ज्याने हे जोडलं त्याला माझा नमस्कार.

भीमाकाठ

@कंबरतलाव, सिस्टर, तुम्ही म्हणता त्याला जगात पुरावा आहे. पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात डॉक्टरांनी औषधांचे आदेश कॉम्प्युटरवरूनच द्यायचे असा बदल एकदम केला. 2005 मध्ये त्यावरचा अभ्यास आला: बाहेरून हलवून आणलेल्या मुलांमधलं मृत्यूंचं प्रमाण 2.80 टक्क्यांवरून 6.57 टक्क्यांवर गेलं होतं. कारणं साधी होती. पूर्वी ॲम्ब्युलन्स वाटेत असतानाच औषधं तयार ठेवता यायची. आता पेशंट दारात येऊन नोंदणी होईपर्यंत आदेशच टाकता येईना. सिस्टर पलंगापाशी असायच्या त्या कॉम्प्युटरपाशी गेल्या. औषधं वॉर्डातून काढून मध्यवर्ती फार्मसीत नेली होती.

पण गोष्ट इथे संपत नाही. सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयाने अशीच व्यवस्था आणताना आधी कामाची पद्धत बसवून घेतली, आणि तिथे मृत्यू वाढले नाहीत. स्टॅनफर्डच्या मुलांच्या रुग्णालयातून 2010 मध्ये आलेल्या अभ्यासात तर ते कमी झालेले दिसले. म्हणजे बसवताना सिस्टरला विचारलं की नाही, यावर बरंच ठरतं. आपल्याकडे सॉफ्टवेअर विकत घेताना ही बैठक मालक, अकाउंटंट आणि विक्रेता यांच्यात होते.

मालदांडी

मी मूळ मोहोळचा, सध्या पुण्यात याच क्षेत्रात प्रोग्रामर आहे. बिलाच्या खिडकीवर जन्मलेलं सॉफ्टवेअर हे ताईंचं निरीक्षण आतून बघणाऱ्यालाही पटतं. पैसे देणारा रुग्णालयाचा मालक असतो आणि त्याला आधी हिशोब हवा असतो.

मानकं नाहीत अशी तक्रार काही जण करतात, ती बरोबर नाही. भारत सरकारने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानकं 2013 मध्ये काढली, 2016 मध्ये सुधारली. आजारांना आणि तपासण्यांना जगभर एकच सांकेतिक नाव असावं म्हणून ‘स्नोमेड सीटी’ नावाची संज्ञावली आहे. भारत 2014 पासून ती चालवणाऱ्या संस्थेचा सदस्य आहे, त्यामुळे इथे ती वापरायला परवान्याचे पैसे पडत नाहीत. आभाची देवाणघेवाण ‘फायर’ (FHIR) या, नोंदी एका सिस्टिममधून दुसरीत पाठवण्याच्या मानकावर चालते. मग अडतं कुठे? रिपोर्ट पीडीएफ म्हणून जोडला जातो, कधी कधी तर कागदाचा मोबाईलवर काढलेला फोटो. माणसाला तो वाचता येतो, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते चित्र आहे. 1.2, 1.5, 1.9 हे आकडे चित्रात अडकले की त्यांची रेषा कुणी काढू शकत नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तिन्ही पीडीएफ आभाला जोडलेली असती तरी तो कागद तुम्हालाच लिहावा लागला असता.

आणखी एक, बॅकअप. 23 नोव्हेंबर 2022 ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. सर्व्हर बंद पडले आणि देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या सरकारी रुग्णालयाला जवळजवळ दोन आठवडे बरंचसं काम पुन्हा कागदावर करावं लागलं. कंबरतलावताई कागद सोडत नाहीत ते योग्यच आहे. आपल्या शहरातल्या एखाद्या मध्यम रुग्णालयाचा सर्व्हर बहुधा रिसेप्शनच्या टेबलाखाली असतो आणि पासवर्ड स्क्रीनवर चिकटवलेला असतो. यावर बोलायला कुणी तयार नसतं.

चाटीगल्ली

लॅब चालवतो. सोलापूरचा खास प्रश्न सांगू? नावं. आपल्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळे एका रांगेत. पद्मशाली समाजात कुणी आडनाव आधी लावतं, कुणी शेवटी. एकच माणूस एका ठिकाणी व्यंकटेश, दुसरीकडे वेंकटेश, तिसरीकडे नुसतं व्ही. आणि इंग्रजी स्पेलिंग तर टाईप करणाऱ्याच्या मर्जीवर. उलट बाजूने, साखर पेठेत एकाच नावाचे, एकाच वयाचे दोघे सहज सापडतात. जुन्या माणसांना जन्मतारीख माहीत नसते; मग ‘वय 60’ लिहायचं आणि सॉफ्टवेअर त्याची जन्मतारीख 1 जानेवारी करतं. आमच्या सिस्टिममध्ये 1 जानेवारीला जन्मलेले इतके आहेत की काय सांगू.

यातून दोन गोष्टी होतात. एकाच माणसाची दोन-तीन खाती बनतात, त्याचा इतिहास तुकड्यांत पडतो. किंवा दोन माणसांचं एक खातं होतं, आणि हे फार भयंकर आहे, कारण दुसऱ्याचा रक्तगट, दुसऱ्याची साखर त्याच्या नावावर जाते. कागदावर चूक झाली तर ती एका फाईलमध्ये राहते. इथे ती पुढे सगळीकडे जाते. मी नमुना घेताना नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि मोबाईल तिन्ही मोठ्याने वाचून घ्यायला लावतो. रांगेतले लोक चिडतात, तरी सोडत नाही. आभा क्रमांक सगळ्यांनी नीट वापरला तर हा गोंधळ पुष्कळ कमी होईल, म्हणून मी त्याच्या बाजूने आहे.

कुंभारीची_सून

चाटीगल्लीदादा, आभा क्रमांकाचं जरा आमच्याकडून बघा. आम्ही विडी कामगारांच्या वसाहतीत राहतो. शिबिरात सगळ्या बायकांचे आभा निघाले. कार्ड कुठे आहे विचारलं तर कुणाच्या मोबाईलमध्ये, कुणाच्या मुलाच्या, कुणाच्या शेजाऱ्याच्या. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा किंवा बंद पडलेला. बोटांचे ठसे द्यावे तर आयुष्य पानं कातरण्यात आणि तंबाखू भरण्यात गेलेलं, मशीन चार वेळा नाही म्हणतं.

मुख्य म्हणजे संमती. ओटीपी ज्याच्या मोबाईलवर येतो, संमती त्याची झाली. माझ्या सासूबाईंच्या तपासणीचा निरोप आधी दिराला कळतो. गर्भपिशवीची तपासणी, अंगावरून जाणं, गर्भपात, टीबी, एचआयव्ही, यातलं काय कुणाला सांगायचं हे त्या बाईने ठरवायचं. कागदाची फाईल बाई तांदळाच्या डब्याखाली लपवू शकत होती. मोबाईलमधली नोंद घरातल्या कुणालाही उघडता येते. हे ऐकल्यावर एक-दोघी मला म्हणाल्या, मग आम्ही डॉक्टरला सांगतच नाही. आणि आशाताईंना विचारा, त्या तेच वहीत लिहितात आणि तेच ॲपमध्ये भरतात. त्यांचा निम्मा दिवस लोकांशी बोलण्याऐवजी भरण्यात जातो.

सातरस्ता

वकील आहे. कुंभारीताईंचा मुद्दा कायद्याच्याही दृष्टीने गंभीर आहे. एचआयव्हीबाबत 2017 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय तिची स्थिती उघड करायला मनाई आहे. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमती मुक्त आणि माहितीपूर्ण असावी असंच म्हणतो. दुसऱ्याच्या मोबाईलवरचा ओटीपी त्यात कसा बसवायचा?

आता एक कामाची गोष्ट, जी फार कमी लोकांना ठाऊक आहे. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं जपून ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्या तर 72 तासांच्या आत द्यायच्या आहेत. नोंदी लवकर सापडाव्यात म्हणून कॉम्प्युटरवर आणण्याचा प्रयत्न करावा, असंही त्याच नियमांत आहे. ‘सिस्टिममध्ये आहे, बाहेर देता येत नाही’ असं कुणी म्हटलं तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि तारीख टाका. फक्त डिस्चार्ज कार्ड मागू नका. ऑपरेशनची नोंद, औषधांचा चार्ट, सिस्टरच्या नोंदी, सगळं मागा.

मालदांडी

@कुंभारीची_सून, तुम्ही लिहिलंत ते मी माझ्या टीमला वाचून दाखवणार आहे. आम्ही धरून चालतो की एक माणूस, एक मोबाईल. तुमच्या वसाहतीत एक घर, एक मोबाईल असतो. संवेदनशील नोंदींसाठी वेगळं कुलूप असायला हवं आणि समोर बसलेल्या बाईची तोंडी संमती दवाखान्यातच साक्षीने नोंदता यायला हवी. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही.

भीमाकाठ

आता बार्शीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण नोंदी माणसांना काय देऊ शकतात याचा याहून मोठा पुरावा आपल्या जिल्ह्यात नाही.

1987 साली बार्शीत कर्करोगाची ग्रामीण नोंदणी सुरू झाली. देशातली ही पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली 346 गावं. कॉम्प्युटर गावात जाणार नव्हता, माणसं गेली. सरपंच, शिक्षक, गावातले जाणते यांना भेटायचं, लक्षणं समजावून सांगायची, संशयित पेशंटला बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात आणायचं आणि प्रत्येक रुग्ण, प्रत्येक मृत्यू नीट नोंदवायचा. या कामातून दिसलं की खेड्यातल्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग किती आहे आणि त्या किती उशिरा येतात.

त्याच पायावर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठी चाचणी झाली. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका त्यात होत्या. 2009 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष आला: आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. जगभरच्या तपासणी धोरणांनी याची दखल घेतली. पुढची काही वर्षं प्रत्येक बाईचं काय झालं हे कुणीतरी सचोटीने टिपत राहिलं म्हणूनच हे सिद्ध करता आलं.

बार्शीने आधी ठरवलं की आपल्याला काय जाणून घ्यायचं आहे आणि मग नोंद केली. आपली सॉफ्टवेअरं शंभर रकाने देतात आणि त्यातलं कुठलं कशासाठी, हे भरणाऱ्याला माहीत नसतं. मग तो रकाना ‘एनए’ने भरतो.

कंबरतलाव

बार्शीचं वाचून बरं वाटलं. नवीन मुलींना रकाने भरायला शिकवताना मी हे सांगेन. कशासाठी लिहितोय ते कळलं की अक्षरही सुधारतं आणि वेळही खरी पडते.

बाळीवेस

इतकं मनापासून लिहिलंत, सगळ्यांचे आभार. कुंभारीताई, संमतीची ही बाजू माझ्या ध्यानीमनी नव्हती.

सगळं जोडलं जाईपर्यंत आपल्याला काय करता येईल यावर बोलूया. माझ्या मनात एक पानी तक्ता आहे, मोठ्या अक्षरात, फाईलच्या पहिल्या पानावर लावायचा. नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने, चालू औषधांची मूळ नावं आणि डोस, न चालणारी औषधं, झालेली ऑपरेशन्स, आणि खाली साखर, क्रिएटिनिन, बीपीचे तारीखवार रकाने. डॉक्टरसाहेब, तुम्हाला पहिल्या नजरेत काय दिसायला हवं?

भीमाकाठ

वजन. दर भेटीला, तारखेसह. लोक ते लिहीत नाहीत आणि टीबी असो, किडनी असो, हृदय असो, मला तेच सगळ्यात आधी हवं असतं. न चालणाऱ्या औषधापुढे नेमकं काय झालं तेही लिहा. पुरळ आली की श्वास कोंडला, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाहेरून आणून खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्यांना वेगळा रकाना ठेवा, कारण त्या कुणी औषधात धरत नाही.

कुंभारीची_सून

खाजगी आजाराचा रकाना त्या पानावर नको. ते बाईला स्वतःजवळ वेगळं ठेवू दे. आणि तक्ता तेलुगूतही पाहिजे, आमच्याकडे निम्म्या जणी तेच वाचतात.

चाटीगल्ली

तेलुगूचं माझ्याकडे लागलं. कन्नडसाठी कुणी अक्कलकोटचं असेल तर हात वर करा. छापून लॅबच्या काउंटरवर ठेवतो, रिपोर्ट न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला एक देईन आणि त्या दिवसाचा आकडा आमचीच मुलं भरून देतील.